पोरांना शिकवायला गेलो अन् शिकवणी आपलीच लागली

घरात तीन-चार वर्षांचं लेकरू असेल तर आधी एक करा, दिसेल त्या गोष्टीवरून त्याला शिकवत बसू नका. मी लई केलंय ते. "मग यातून काय शिकलो आपण?" म्हणलं की पोरगी पळालीच.

त्यापेक्षा रोजच्या कामात त्यांना घ्या, वेळ जाणार हे धरूनच. आमच्याकडं सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, उजनी धरणातनं शंभरेक किलोमीटर येतंय बिचारं, त्यामुळं पाण्याच्या दिवशी नुसती पळापळ, मोटर, पाईप, पिंप, घागरी अन् मधे लुडबुड करणारी ही पोरगी. आधी ओरडून कॉटवर बसवायचो. मग एकदा तिला उचलेल एवढी बादली दिली, ही तुझी म्हणलं. तिनं भरली, अर्धी सांडली, उरलेली नेऊन तुळशीला ओतली. अगं पाणी आता शुक्रवारी येणार, म्हणलं तर म्हणती, "मग तुळस तोपर्यंत काय पिणार?" मी गप. अशा वेळी गपच बसायचं, लगेच कौतुक पण नको.

दुसरं म्हणजे त्यांच्या चुका बघा, सुधारू नका. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू सगळंच चालतं, हिला खेळायला बोलवायचे तीन शब्द येतात, ये, बा आणि रा. कन्नड मैत्रिणीला चुकून रा म्हणली की दोघी खिदळतात, लगेच बा म्हणती, विषय संपला. मी जन्मापासून सोलापुरात, पण चुकेल म्हणून कन्नडमधनं एक वाक्य कधी बोललो नाही. आता तिच्याकडनंच रोज एक शब्द घेतो.

अन् त्यांची मान आपल्याला पाहिजे तिकडं वळवू नका. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवणुकीतले सातही नंदीध्वज, म्हणजे त्या सजवलेल्या उंच काठ्या, दिसाव्यात म्हणून खांद्यावर घेऊन उभा होतो, ही बघती कुठं तर फुगेवाल्याच्या पेंगणाऱ्या पोराकडं. घरी येईपर्यंत त्याचंच, तो झोपला असेल का, कुठं झोपला असेल.

उन्हाळ्यात दुपारी मात्र यातलं काही करू नका, पन्हं द्या अन् झोपवा, तुम्ही पण झोपा.

रात्री कॅलेंडरच्या चौकटीत एक ओळ लिहून ठेवा, वही-बिही काही टिकत नाही. आमच्या कालच्या चौकटीत दुधाच्या हिशोबाखाली लिहिलंय, "कडक भाकरी मोडली की बोलती, चपाती बोलत नाही."