दिवाणाखाली मावेल अशी रेल्वे

लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मॉडेल रेल्वे मांडायची, म्हणजे आधी दिवाणाखालची जागा मोजायची. स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीपेक्षा किती पट लहान, ते नंतर.

हिशेब आपल्या लोकलवरच करा. बारा डब्यांची गाडी साधारण २५० मीटर. एचओ स्केलमध्ये (१:८७, म्हणजे ८७ पट लहान) ती जवळजवळ तीन मीटर होते, म्हणजे खोलीच संपली! एनमध्ये (१:१६०) दीड मीटरच्या आसपास, झेडमध्ये (१:२२०) सव्वा मीटरच्याही आत. पण खरी जागा खातं ते वळण. एनचं २५ सेंटीमीटर त्रिज्येचं वळण अडीच फुटी प्लायवर आरामात बसतं. विकत घेण्याआधी वर्तमानपत्रावर रूळ आखून पाहा. मी पहिल्यांदा आखले नाहीत आणि कपाटाचं दार उघडेना.

झेडचा मोह मलाही झाला होता. रुळांतलं अंतर जेमतेम ६.५ मिलिमीटर, इंजिन बोटाएवढं. पण चष्मा लागलेल्या माणसाने ते रुळावर चढवून दाखवावं! शिवाय इंजिन जितकं हलकं, तितकी रुळावरची धूळ जास्त नडते. पावसाळ्यात तर एनलासुद्धा रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे लागतात.

मी एन घेतलं. सध्या चारच डबे पळतात.