हजार्डस वेस्ट यार्डात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

औषध कारखान्याच्या हजार्डस वेस्ट यार्डात, म्हणजे धोकादायक कचरा साठवतात त्या जागी, नव्या माणसाला हेल्मेट, गमबूट, गॉगल, हातमोजे देतात, रजिस्टरवर सही घेतात आणि ट्रेनिंग झालं असं धरतात. मी याच कामात आहे आणि आता नव्या मुलांना शिकवतो. सही करण्याआधी एकच विचारा: समोरच्या ड्रममध्ये नेमकं काय आहे?

उत्तर लेबलवर असायला हवं. धोकादायक कचऱ्याच्या 2016 च्या सरकारी नियमांप्रमाणे लेबल चमकदार पिवळं असतं आणि धोक्याची सूचना हिंदी, इंग्रजी व स्थानिक भाषेत, लाल अक्षरांत. बहुतेक जण कचऱ्याचं नाव वाचून थांबतात. तुम्ही 'कशासोबत ठेवू नये' तो रकाना आधी वाचा. सायनाइडच्या कचऱ्याला आम्ल लागलं की हायड्रोजन सायनाइड हा जीवघेणा गॅस सुटतो. सल्फाइडला लागलं की हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजू नका. ड्रम फुगलेला दिसला तर झाकणाला हात न लावता लांब व्हा आणि सुपरवायझरला बोलवा. लेबल नसलेला ड्रम हलवायला सांगितला तर नाही म्हणा. नवीन आहात म्हणून संकोचू नका.

हातमोज्यांबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. निळे नायट्राइल मोजे तेलाला चांगले, पण अ‍ॅसिटोन आणि एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) ही सॉल्व्हंट, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारी द्रवं, त्यातून थोड्याच मिनिटांत आरपार जातात, वरून मोजा धडधाकट दिसत असला तरी. अ‍ॅसिटोनला ब्युटाइल रबर चालतं. एमडीसीला तेही पुरत नाही, त्याला अनेक थरांचे लॅमिनेट मोजे लागतात. स्टोअरमधून मोजे घेताना सॉल्व्हंटचं नाव सांगून घ्या.

मास्कचंही तेच. मास्कला लावलेलं कार्ट्रिज हवा गाळतं, ऑक्सिजन तयार करत नाही. टाकीतला स्लज (गाळ) काढायला उतरण्याआधी मीटरने हवा तपासलेली हवी, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली नको, आत उतरण्याचं परमिट हवं आणि बाहेर माणूस उभा हवा. आत कोणी कोसळला तर धावत उतरू नका, हे मी प्रत्येक बॅचला पुन्हा पुन्हा सांगतो. आपल्या माणसाला वाचवायला तसाच उतरलेला दुसराही आतच राहतो, असं वारंवार घडलेलं आहे. ओरडा, अलार्म द्या, बाहेरून दोरीने ओढता येतं का बघा. स्वतःची हवा पुरवणारा श्वासोच्छ्वासाचा संच असल्याशिवाय आत पाऊल नको.

ट्रेनिंग, साधनं आणि माहिती देणं ही 2016 च्या त्याच नियमांनुसार कारखान्याची जबाबदारी आहे, तुमच्यावरचे उपकार नव्हेत. ठेकेदाराकडून आलेल्यांनाही ती मिळायला हवी, आणि त्यांना कळेल त्या भाषेत. आमच्याकडे बरेच जण ओडिशा, बिहारचे असतात. त्यांना इंग्रजी स्लाइड दाखवून सही घेणं मला अजिबात मान्य नाही. मी प्रत्येकाला स्वतः मास्क घालून, घट्ट बसला का ते तपासून दाखवायला लावतो.

रुजू होताच आपल्या जागेपासून आयवॉशपर्यंत (डोळे धुवायच्या नळापर्यंत) चालत जा, वाटेत ड्रम किंवा पॅलेट अडवत असतील तर लगेच हलवून घ्या. डोळ्यांत काही उडालं तर किमान 15 मिनिटं पाण्याखाली राहावं लागतं. शिफ्ट संपल्यावर अंघोळ करूनच निघा. युनिफॉर्म धुवायची सोय कंपनीकडे मागा, घरच्या कपड्यांत तो भिजवू नका.