गायनाच्या वर्गात दमसास आणि आवाजाचा लगाव कसा शिकवावा

गाण्याच्या वर्गात पहिल्याच दिवशी आपण विद्यार्थ्यांना सांगतो, "पोटातून आवाज काढा." ठाण्यात वर्ग सुरू केल्यानंतर पहिली काही वर्षे मीही हेच सांगत असे, आणि ते ऐकून मुले पोट आत ओढत, खांदे उचलत आणि मान ताठ करून षड्ज (सा) लावत. सूचनेमागचा हेतू बरोबर होता, परंतु शरीराने नेमके काय करायचे हे तिच्यातून कळत नव्हते. हवा पोटात जात नाही, ती फुप्फुसांतच जाते. श्वास घेताना फुप्फुसांखालचे श्वासपटल खाली सरकते, त्यामुळे पोटातले अवयव दाबले जाऊन पोट पुढे येते आणि खालच्या बरगड्या बाजूंना उघडतात. पोटाचे हलणे हा श्वासाचा परिणाम आहे, कारण नव्हे. म्हणून पोट मुद्दाम फुगवायला लावल्याने श्वास खोल जातोच असे नाही.

हे समजावण्यापेक्षा अनुभवायला द्यावे. विद्यार्थ्याला सतरंजीवर उताणे झोपवून पोटावर एखादी वही ठेवावी आणि दोन मिनिटे नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा. वही आपोआप वर-खाली होते, खांदे स्वस्थ राहतात, आणि हा श्वास आपल्याला आधीपासूनच येतो हे त्याच्या लक्षात येते. त्यानंतर उठून मांडी घालायला सांगावे आणि दोन्ही तळहात खालच्या बरगड्यांवर ठेवून तीच हालचाल शोधायला लावावी. येथे बैठकीकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. हल्ली मांडीची सवय कमी झाल्यामुळे बहुतेक जण कंबरेतून मागे कलतात, पाठीला पोक येतो आणि बरगड्यांना उघडायला जागाच उरत नाही. बैठकीखाली सतरंजीची जाड घडी दिली आणि गुडघे कंबरेपेक्षा थोडे खाली आले, की पाठ विनासायास सरळ होते. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना खुर्ची द्यावी. मांडी घातल्याशिवाय गाणे नाही, असा आग्रह धरू नये.

गाताना श्वास पुरवून वापरण्याची ताकद म्हणजे दमसास. पण तो जास्त हवा भरल्याने येतो, हा समज विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांमध्येच अधिक घट्ट रुजलेला आहे. फुप्फुसे तुडुंब भरली की ती ताणलेल्या रबरासारखी स्वतःहून आकसू पाहतात आणि हवा जोराने बाहेर ढकलली जाते. हा दाब आवरण्यासाठी नवखा विद्यार्थी गळा आवळतो, आणि आवाजातला ताण तेथूनच सुरू होतो. जाणकार गायक मात्र स्वर सुरू झाल्यावरही बरगड्या लगेच मिटू देत नाही. श्वास घेणाऱ्या स्नायूंनीच तो बाहेर जाणारी हवा धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. म्हणून "श्वास भरा" याऐवजी आधी "श्वास सोडा" असे सांगावे. उरलेली हवा सावकाश बाहेर गेली की पुढचा श्वास आपोआप आत येतो, आणि बोलताना लागतो त्याहून थोडा अधिक श्वास मध्य लयीतल्या ओळीला पुरतो.

सरावासाठी दातांमधून 'स्स्स' असा बारीक आवाज एकसारखा सोडायला सांगावे. सुरुवातीला दहा-बारा सेकंद पुष्कळ झाले. शेवटच्या सेकंदाचा आवाज पहिल्या सेकंदासारखाच आहे की नाही, तेवढे पाहावे. सेकंद मोजण्याची स्पर्धा वर्गात लावू नये, कारण स्पर्धा आली की गळ्याच्या शिरा फुगतात आणि जे शिकवायचे त्याच्या नेमके उलटे शरीरात मुरते. लांब श्वास नसेल तर गाणे होत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी कुमार गंधर्वांचे स्मरण करावे. क्षयरोगामुळे त्यांच्या एका फुप्फुसाची शक्ती गेली होती, आणि तरीही १९५० च्या दशकात ते छोट्या, टोकदार स्वरसमूहांनी बांधलेली स्वतःची गायकी घेऊन मैफलीत परतले. श्वास किती लांब आहे यापेक्षा तो कोठे घ्यायचा हे ठरवणे महत्त्वाचे असते. त्यासाठी बंदिश शिकवतानाच वहीत श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणावून द्याव्यात, शब्द मध्येच तुटणार नाही आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना हवा संपलेली नसेल अशा बेताने. श्वास घेताना घशातून आवाज येत असेल तर घसा आवळलेला आहे असे समजावे.

यानंतर आवाजाचा लगाव, म्हणजे स्वर लावण्याची पद्धत, आणि त्यात आधी स्वराचा आरंभ. बहुतेक मुले 'आ'कार लावताना गळ्यात एक ठोका देतात, आणि तसे करू नका म्हटले की 'हा' असा हवा सांडणारा आवाज काढतात. काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून) मध्य षड्ज लावणाऱ्या मुलीचे स्वरतंतू एका सेकंदात सुमारे २३३ वेळा एकमेकांना भेटतात. प्रत्येक भेट आदळून झाली तर तासाभराच्या रियाजात काय होत असेल, याचा विचार शिक्षकाने करावा. मधला मार्ग 'म'मधून सापडतो. ओठ मिटून, दात किंचित सुटे ठेवून गुणगुणावे, ओठांवर झिणझिण जाणवली की 'मा' आणि मग त्याच धाग्यात 'आ' उघडावा. लहान मुलांना ओठांची फुर्रर करत सा ते प चढायला द्यावे. खेळण्यातली गाडी चालवताना ती हेच करत असतात. मोठ्यांना अर्ध्या पेला पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर नळी बुडवून तिच्यातून षड्ज गायला सांगावे आणि बुडबुडे एकसारखे येऊ द्यावेत. वाट अरुंद झाल्याने हवेचा थोडा दाब स्वरतंतूंच्या वरच्या बाजूलाही तयार होतो आणि ते कमी आघाताने कंप पावतात. पाच मिनिटांच्या या सरावानंतर आवाज मोकळा लागतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

खर्जाच्या, म्हणजे मंद्र सप्तकातल्या खालच्या स्वरांच्या, रियाजाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. प्रौढ आवाजाला तो फार हितकारक आहे, पण आठ-दहा वर्षांच्या मुलांना मंद्र सप्तकात ढकलू नये. त्यांचे स्वरतंतू आखूड असतात. मंद्र पंचम तेथे नसतोच, आणि तो काढण्यासाठी मूल गळा दाबते. सगळ्या वर्गाला एकाच पट्टीत गायला लावण्याची सोयही अशीच महाग पडते. मुलगे साधारण बारा ते पंधरा या वयात असताना त्यांचा आवाज फुटतो आणि जवळजवळ एक सप्तक खाली येतो. त्या काळात दर महिन्याला पट्टी नव्याने तपासावी, चिरकणाऱ्या स्वरांवर जोर देऊ नये, पल्ला लहान ठेवावा आणि तालाचे, रागओळखीचे काम वाढवावे. या मुलाला शांतपणे सांगावे की आवाज गेलेला नाही, बदलतो आहे. नेमक्या याच वयात गाणे सोडलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते.

आपल्या शहराचे वेळापत्रकही ध्यानात घ्यावे लागते. गणपतीत मुले टाळ, झांजा आणि ध्वनिक्षेपकांच्या वर आवाज चढवून आरत्या म्हणतात. गोंगाटात आपला आवाज नकळत वाढतो, हा माणसाचा स्वभावच आहे. त्या दिवसांत वर्गात तार सप्तक, म्हणजे वरचे स्वर, घेऊ नये. दिवाळी पहाटेला गाणाऱ्यांनी किमान दोन तास आधी उठावे, कारण झोपेतून उठल्यावर स्वरतंतू थोडे सुजलेले असतात. महानगरपालिकेच्या वतीने गडकरी रंगायतनमध्ये पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या समारोहाला विद्यार्थ्यांना न्यावे आणि गाण्याइतकेच कलाकाराच्या खांद्यांकडे, जबड्याकडे आणि श्वासाच्या जागांकडे पाहायला सांगावे.

पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. गाण्यापूर्वी घेतलेला घोट स्वरतंतूंना स्पर्श करत नाही, तो अन्ननलिकेतून जातो. खाकरण्याऐवजी आवंढा गिळावा. आवाज बसलेला असताना कुजबुजणे ही विश्रांती नव्हे, मौन हीच विश्रांती. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर काढे आणि खडीसाखर यांवर विसंबून न राहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे. स्वरतंतूंवर गाठी असल्या तरी बहुधा आधी आवाजाच्या उपचारांनीच सुधारणा करण्याचा प्रयत्न होतो, हे पालकांना सांगितले की त्यांची भीती कमी होते.

वर्ग संपल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याशी एक-दोन वाक्ये बोलावीत. येताना होता त्यापेक्षा त्याचा बोलण्याचा आवाज जड झाला असेल, तर त्या दिवशी आपण काय गायला लावले ते वहीत लिहावे आणि पुढच्या वेळी तो सराव अर्ध्यावर आणावा.