बॅटरीपासून वीतभरात फ्यूज

जुन्या व्हॅनचं फिरतं घर करायला घेतलं की वायरीआधी कागद घ्या. 25 वॅटचा पंखा 10 तास म्हणजे 250 वॅट-तास, असं एकेक मांडा. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर 1200 वॅट-तास देते. लेड-ॲसिड असेल तर निम्मेच धरा.

खरी गोम इन्व्हर्टरच्या, म्हणजे बॅटरीच्या 12 व्होल्टचे घरगुती 230 करणाऱ्या डब्याच्या वायरीत. घरी 230 व्होल्टवर 1000 वॅटला साडेचार अँपिअर लागतात, इथं 12 व्होल्टवर शंभराच्या आसपास! शेतातल्या मोटारीची उरलेली केबल तिथं लावू नका. 35 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, तिच्या टोकांना नीट दाबलेले थिंबल (धातूची टोपणं) आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभरात फ्यूज. तो वायर वाचवायला असतो. उडाला म्हणून मोठा टाकायचा नाही. वायर पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवाच, नाहीतर पांदणीच्या हादऱ्यांनी आवरण सोलून निघतं.

आणि आपला मे महिना. चंद्रपूरकडे सावलीतच 45-46 अंश, बंद व्हॅनमध्ये तर भट्टी. बऱ्याच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या 45 च्या वर चार्ज करायच्या नसतात. बॅटरी खाली, हवेशीर जागी बसवा. सोलरला वेगळा स्विच द्या, म्हणजे भर दुपारी तो पाडून चार्जिंग थांबवता येतं.