गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला खडा डोंगर एका दिवसात कसा चढावा आणि उतरावा

गोव्यातली सह्याद्रीची शिखरे १२०० मीटरही गाठत नाहीत. तरी केरी, चोर्ला, वाघेरीच्या पट्ट्यातला खडा चढ भल्याभल्यांचा दम काढतो, तो दमट हवेमुळे. दाट झाडीत वारा पोचत नाही, घाम सुकत नाही आणि अंग तापत राहते.

डिसेंबर-जानेवारी हे महिने सर्वांत बरे. पावसाळ्यात व्हाळ (ओढे) अर्ध्या तासात कमरेइतके चढतात, म्हणून तेव्हा हा बेत नको. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत जायचे तर वन खात्याची परवानगी आधी काढा. गावातला वाटाड्या सोबत घ्याच, आणि कुठून चढणार, किती वाजेपर्यंत परतणार हे घरी लिहून ठेवा.

माणशी ४ लिटर पाणी लागते. त्यातल्या एका लिटरात ओआरएसची पुडी मिसळा. घाम गाळून नुसते पाणी पीत राहिले की अंगातले मीठ कमी होते, डोके दुखते, मळमळते. निघण्यापूर्वी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचे खाल्ले तर पाणी, मीठ, पिष्ट तिन्ही पोटात जाते. वाटेत दर तासाला मूठभर शेंगदाणे-गूळ. डोक्याला बांधायचा दिवा, शिट्टी, क्रेप बँडेज आणि चिकटपट्टी पिशवीत हवीच. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नेटवर्क शोधण्यातच बॅटरी संपते.

लांब पँट मोज्यात खोचा. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो गोचिडीतून येतो. पाचोळ्यावर बसू नका, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून काखा, जांघा, कानामागची जागा तपासा. पुढच्या आठवड्यात ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

उजाडताच चालायला लागा. खड्या चढावर तासाला २५० ते ३०० मीटर उंची चढली तर पुष्कळ झाली; ६०० मीटरला दोन-अडीच तास धरा. बोलता येत नसेल इतका श्वास लागला तर वेग जास्त आहे. पावले आखूड टाका आणि थांबलात तर उभ्यानेच थांबा.

वाट चुकते ती गव्यांच्या वाटेमुळे. ती रुंद, तुडवलेली आणि मोहात पाडणारी असते. फरक डोक्याच्या उंचीवर पाहावा. माणसांच्या वाटेवर फांद्या कोयत्याने तिरप्या छाटलेल्या असतात, गव्यांच्या वाटेवर त्या मोडलेल्या किंवा आडव्या लोंबत असतात. प्रत्येक फाट्यावर मागे वळून वाट परत कशी दिसेल ते पाहून ठेवा. दहा मिनिटे खात्री वाटली नाही तर शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे फिरा. व्हाळाच्या पात्रातून खाली उतरू नका, घाटातले व्हाळ कड्यावर जाऊन संपतात.

चढताना हात नकळत कारवीच्या झुडपाकडे जातो. वाळलेली कारवी हातात मोडून येते, तिच्यावर भार टाकू नका. खाजकुयलीची लव लागली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा आणि मगच धुवा.

माथा दिसो वा न दिसो, १२ वाजता परत फिरा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीत पाचलाच अंधारते. घसरण्याचे प्रसंगही उतारावरच जास्त येतात, कारण पाय थकलेले असतात आणि सुक्या पाचोळ्याखाली जांभ्याचे गोल खडे असतात, ते पायाखालून घरंगळतात. गुडघे थोडे वाकवा, टाच आपटण्याऐवजी पूर्ण तळवा टेका, खड्या जागी आडवे होऊन एकेक पाऊल उतरा. दोघांत पाच-सहा पावलांचे अंतर ठेवा म्हणजे वरून सुटलेला दगड चुकवता येतो. घोटा मुरगळला तर बूट काढू नका; सूज आल्यावर तो पुन्हा चढत नाही. बुटावरूनच बँडेज आवळा, काठी घ्या, आणि चालवत नसेल तर नेटवर्क मिळेल तिथे एकाला पाठवून १०८ वर फोन लावा.