‘सेल’ रेटिंग आलं, एमडींनी बोलायचं का? तयारीची यादी

ब्रोकरेजच्या ॲनालिस्टने तुमच्या कंपनीच्या शेअरला ‘सेल’ म्हणजे ‘विका’ असं रेटिंग दिलं आणि मॅनेजिंग डायरेक्टर (एमडी) उत्तर द्यायला निघाले, तर आधी मूळ रिपोर्ट मिळवा. पूर्ण पीडीएफ, शेवटच्या डिस्क्लोजरच्या पानांसकट. व्हॉट्सॲपवर फिरणारा पहिल्या पानाचा फोटो बघून एमडी तापतात आणि तापलेल्या एमडींना साडेआठला बिझनेस चॅनेलचा फोन येतो. निम्मं नुकसान इथेच होतं. बाजार सव्वानऊला उघडतो. त्याआधी एमडी, सीएफओ (वित्तप्रमुख), कंपनी सेक्रेटरी आणि आयआर (गुंतवणूकदारांशी संपर्क) बघणारा अशी चारच माणसं एका कॉलवर घ्या. तोवर चॅनेलला एकच वाक्य: ‘ब्रोकरच्या मतावर आम्ही बोलत नाही.’ पीआर एजन्सीला अजून बोलवू नका, ती प्रेसनोट लिहूनच येते.

रिपोर्टवर तीन रंगांनी खुणा करा. छापील आकड्यांशी न जुळणारं ते लाल. आकडा बरोबर पण जुना, ते निळं. मत असेल ते हिरवं. टार्गेट प्राइस, पी-ई (नफ्याच्या किती पट भाव) किती द्यायचा, ‘मार्जिन टिकणार नाही’, ‘मॅनेजमेंट बोलते जास्त’ हे सगळं हिरवं, आणि हिरव्याला जाहीर उत्तर द्यायचं नाही. कितीही झोंबलं तरी. लालमधल्या नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत: स्टँडअलोन (एकट्या कंपनीचे) आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून) आकड्यांची सरमिसळ, बोनसनंतरही जुन्याच शेअरसंख्येवर काढलेला ईपीएस (प्रति शेअर नफा), प्रवर्तकांच्या तारण शेअर्सचा मागच्या तिमाहीचा आकडा. इंड एएस 116 या हिशेबाच्या मानकाखालची भाड्याची देणी ॲनालिस्टने कर्जात धरली असतील तर लगेच लाल मारू नका. तुमच्या स्पर्धकांचंही कर्ज त्याने तसंच मोजलं असेल, तर ती त्याची पद्धत आहे, चूक नाही.

आता प्रत्येक लाल खुणेसमोर तुमचा प्रसिद्ध पुरावा लिहा: वार्षिक अहवाल, तिमाही निकाल किंवा प्रेझेंटेशन, पान क्रमांकासह. पान सापडलं नाही तर दुरुस्ती करता येत नाही, आकडा तुमच्या सिस्टीममध्ये लख्ख दिसत असला तरी. समजा, फेब्रुवारीत रिपोर्ट आला की कंपनीची येणी फुगली आहेत, माल जातोय पण पैसे येत नाहीत. 31 डिसेंबरचा आकडा सीएफओंच्या लॅपटॉपवर आहे आणि चांगला आहे. पण सेबीच्या एलओडीआर (नोंदणीकृत कंपन्यांनी काय जाहीर करायचं याच्या) नियमांत ताळेबंद आणि कॅश फ्लो सहामाहीलाच द्यायची सक्ती आहे, म्हणून बहुतेक कंपन्यांचा शेवटचा प्रसिद्ध आकडा 30 सप्टेंबरचा असतो. डिसेंबरचा आकडा ॲनालिस्टला फोनवर सांगितला की अप्रकाशित भावसंवेदनशील माहिती बाहेर दिल्याचा प्रश्न उभा राहतो. द्यायचाच तर आधी बीएसई-एनएसईवर टाका, मग वेबसाइटवर, मग हवा त्याला सांगा. मात्र यंदा डिसेंबरचा दिला की पुढे जूनचाही मागतात, तिमाही वाईट गेली असली तरी. हे लक्षात आणून दिलं की सीएफओंचा उत्साह बहुधा ओसरतो.

कॅलेंडर बघा. तिमाही संपल्यापासून निकालानंतरचे 48 तास होईपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते, म्हणजे आतल्या माणसांना कंपनीच्या शेअर्सचा व्यवहार करता येत नाही. 5 ऑक्टोबरला डाउनग्रेड (रेटिंग खाली) आलं आणि एमडी म्हणाले, ‘काळजी नको, क्वार्टर छान गेलाय,’ तर ती निकालाआधी दिलेली निकालाची बातमी झाली. याच काळात ‘आपणच शेअर घेऊन विश्वास दाखवू’ ही कल्पना निघते. ती तिथेच थांबवा. विंडो उघडी असली तरी ठरलेल्या मर्यादेपुढच्या व्यवहाराला आधी मंजुरी लागते, उलट व्यवहाराला (घेतलेले विकायला, विकलेले घ्यायला) सहा महिने बंदी असते आणि तिमाहीत उलाढाल 10 लाखांवर गेली की दोन ट्रेडिंग दिवसांत कळवावं लागतं.

लाल खुणांचं उत्तर ईमेलने, आयआरकडून, सेक्रेटरींना सीसी करून, त्याच दिवशी. पान अमुक, तुमचा आकडा अमुक, आमचा प्रसिद्ध आकडा अमुक आणि लिंक. विशेषणं नकोत, ‘रेटिंगचा पुनर्विचार करावा’ तर मुळीच नको. ‘तुमचा अंदाज जरा जास्तच आहे’ हेही गायडन्सच, म्हणजे पुढच्या निकालाचा इशाराच असतो.

एमडींनी स्वतः उतरायची वेळ एकच: आरोप रोकड, ऑडिट, तारण किंवा कर्जफेडीवर असेल आणि बँकांचे, पुरवठादारांचे फोन सुरू झाले असतील. तेव्हा आधी एक्स्चेंजवर लेखी खुलासा. त्यात ‘जाहीर करण्यासारखी कोणतीही माहिती प्रलंबित नाही’ हे वाक्य सवयीने चिकटवू नका. विलीनीकरणाची बोलणी चालू असतील तर ते खोटं ठरतं, म्हणून एमडींना आधी विचारून घ्या. गुंतवणूकदारांचा ग्रुप कॉल घ्यायचा तर वेळापत्रक किमान दोन कामकाजाचे दिवस आधी लागतं, कळवल्याचा आणि कॉलचा दिवस सोडून. त्यामुळे उद्या सकाळी कॉल होत नसतो, खुलाशालाच सगळं पेलावं लागतं.

कॉलआधी तालीम करा आणि सर्वांत कडवट प्रश्न सीएफओंना विचारायला लावा. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या 17 एप्रिल 2001 च्या कॉलवर एका फंड मॅनेजरने निकालाबरोबर ताळेबंद का नाही असं विचारलं, तर सीईओ जेफ स्किलिंग यांनी त्याला शिवी हासडली. डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरी मागितली. टेस्लाच्या 2 मे 2018 च्या कॉलवर बर्नस्टीन या ब्रोकरेजचे ॲनालिस्ट टोनी सॅकोनागी भांडवली खर्चाबद्दल विचारत होते. एलॉन मस्क यांनी कंटाळवाणे, बिनडोक प्रश्न म्हणून त्यांना तोडलं आणि दुसऱ्या दिवशी शेअर पाच टक्क्यांहून जास्त पडला. ऑगस्टच्या कॉलवर त्यांनी माफी मागितली. दोन्ही ठिकाणी प्रश्न साधे होते, आकडा देऊन संपले असते.

शेवटी, पुढच्या कॉनकॉलच्या (निकालानंतरच्या ॲनालिस्टांच्या कॉलच्या) निमंत्रितांतून त्या ॲनालिस्टचं नाव कुणी गुपचूप उडवलेलं नाही ना, हे आदल्या दिवशी स्वतः तपासा. पहिल्या पाच प्रश्नांत त्याचा नंबर लागू द्या.