शेजारच्या झाडाची फांदी आपल्या छपरावर आली तर

आमच्या मागच्या पडवीवर शेजारच्या काकूंच्या रायवळ आंब्याची एक खांदी आली होती. मांडीएवढी जाड. वारा सुटला की कौलांवर घासायची, पन्हळीत पातेरा साचून पाणी भिंतीत मुरायचं आणि माकडांना घरावर उतरायला ती आयती वाट झाली होती. तीन पावसाळे आम्ही फुटकी कौलं बदलत राहिलो, पण काकूंशी एका शब्दानं बोललो नाही. चौथ्या वर्षी बोललो आणि त्याच उन्हाळ्यात खांदी उतरली. झाड आजही उभं आहे, फळतंय. त्या वेळी जे कळलं ते क्रमानं सांगतो.

आधी नीट बघा

बुंधा ज्याच्या जमिनीत, झाड त्याचं. बुंधा नेमका हद्दीवरच असेल आणि वाद असेल, तर भूमि अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्या. मग फांदीकडे वळा. ती हिरवी आहे की वाळलेली? सालीखालून भुसा पडतोय का? पडत असेल तर आत भिरूड, म्हणजे लाकूड पोखरणारी अळी आहे आणि वरून धडधाकट दिसणारी फांदी आतून पोकळ असू शकते. घरटं आहे का तेही बघा. पावसाळ्यात बगळे आणि ढोकरी एकाच झाडावर डझनांनी घरटी करतात. पिल्लं उडेपर्यंत तिथे करवत लावू नये. विजेची तार जवळ असेल तर स्वतः हातही लावायचा नाही, १९१२ या वीज तक्रारीच्या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवा. वीज बंद झाल्याशिवाय कुणालाही झाडावर चढू देऊ नका.

पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो तारखेसह ठेवा. पुढे अर्जाला लागतो.

बोलायला जा, पण कौल फुटलं त्या दिवशी नको

राग डोक्यात असताना गेलात तर बोलणं झाडावरून घरावर आणि घरावरून पंधरा वर्षांपूर्वीच्या भांडणावर जातं. निवांत संध्याकाळी जा. आम्ही एवढंच म्हटलं, "काकू, एकदा आमच्या पडवीत येऊन बघता का?" त्या आल्या, ओल आलेल्या भिंतीला हात लावला आणि म्हणाल्या, "अरे, हे इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस?" त्यांच्या अंगणातून ही भिंत दिसतच नव्हती. बहुतेक शेजाऱ्यांचं असंच असतं.

तीन गोष्टी त्याच बैठकीत ठरवा: नेमकी कोणती फांदी, कुठपर्यंत आणि खर्च कुणाचा. कायद्यावर बोट ठेवण्यापेक्षा खर्च निम्मा करावा असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आंबे, लाकूडफाटा त्यांचा. फांदी आपल्या हद्दीत आली म्हणून तिच्यावरची फळं आपली होत नाहीत.

परवानगी

इथे बरेच जण फसतात. आपल्या हद्दीत आलेली फांदी हद्दीपर्यंत कापायचा हक्क इंग्रजी न्यायपरंपरेत जुना आहे. १८९४ साली इंग्लंडच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं तो मान्य केला. पण महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि त्यात 'झाड तोडणे' याचा अर्थ नुसता बुंधा आडवा करणे असा नाही. जाळणं, कापणं, कोणत्याही रीतीनं इजा करणं त्यात येतं. म्हणून महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यायचीच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि त्याची तपासणी अधिक काटेकोर होते.

अर्ज उद्यान विभागात किंवा नगरपरिषदेत द्यायचा. झाडाची जात, सिटी सर्व्हे नंबर, फांदी का कापायची ते कारण, फोटो आणि झाडमालकाचं संमतिपत्र जोडा. "कचरा होतो" हे कारण फारसं चालत नाही. "छपराला, जिवाला धोका" हे अधिकारी येऊन बघतात. पाहणीला वेळ लागतो म्हणून अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच द्या, मेअखेरीस नव्हे.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत हा कायदा नाही. तिथे १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे आणि आंबा, फणस, चिंच, जांभूळ त्याच्या यादीत आहेत. वनपालांना विचारल्याशिवाय कोयता उचलू नका.

शेजारी ऐकतच नसतील तर

लेखी पत्र द्या, पोच घ्या. वृक्ष अधिकाऱ्याकडे तुम्ही स्वतःही अर्ज करू शकता. झाड पडून माणसांना इजा होईल अशा अवस्थेत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाता येतं. त्या कलमात झाड काढण्याबरोबरच त्याला आधार देण्याचा आदेशही बसतो, हे मला फार आवडतं. दिवाणी दावा सगळ्यात शेवटी. बुंध्यात ॲसिड ओतणं, साल सोलणं असले प्रकार मी पाहिले आहेत. तो गुन्हा तर आहेच, आणि असं मारलेलं झाड वाळून पडतं ते बरेचदा ओतणाऱ्याच्याच घरावर.

कापताना

आंबा असेल तर फळं उतरवल्यावर, पावसाआधी. डिसेंबरात कापलीत तर मोहोरच कापाल. सवयीचा माणूस बोलवा. छपरावरची खांदी एकदम तोडायची नसते: वरच्या भक्कम फांदीवरून दोर घेऊन, टोकाकडून तुकड्या-तुकड्यानं खाली सोडायची.

उरलेल्या बुडख्याला तीन काप. पहिला खालून, बुंध्यापासून हातभर लांब, एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पलीकडे. वजन निघून जातं आणि साल बुंध्यापर्यंत सोलत जात नाही. तिसरा अखेरचा, फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी दिसते तिच्या लगत बाहेरून. वळी कापू नका, जखम तिथूनच भरून येते. खुंटही ठेवू नका, तो कुजतो.

जखमेवर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप. एका फांदीला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी पुरतं. दोन्ही निम्म्या-निम्म्या पाण्यात, प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवा आणि मग एकत्र करा. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा: तांबूस थर चढला तर अजून चुना हवा. ब्रशनं लावा, उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

पाऊस पडल्यावर कापाभोवती कोवळे धुमारे फुटतात. तुमच्या छपराकडे येणारे बोटाएवढे असतानाच खुडायला सांगा. आमच्याकडे ते काम काकूच करतात, गडग्यावर उभ्या राहून.